पंख्याच्या तारेचं कर्णफूल

नंदनवन, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवकी आत्या,
सप्रेम जयभीम.

रागात लिहितेय, हे आधीच सांगते. फोनवरच भांडले असते, पण तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी "हो हो, ठीक आहे" म्हणून ठेवून देतेस.

परवाचं रामदासपेठेतलं प्रदर्शन माझ्या एकटीचं होतं, पहिलंच. बाबा आले नाहीत. त्यांच्या लेखी मी इंजिनिअरिंग सोडून भंगार वेचणारी पोरगी. तू मात्र धामणखेड्याहून एसटीने आलीस, सरपंचपदाची कामं बाजूला ठेवून आलीस. तुला दारात पाहिलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. प्रत्येक दागिन्यापुढे तू थांबलीस. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या गुंफलेल्या बांगड्या, जुन्या कीबोर्डच्या बटणांची माळ, सगळं डोळे बारीक करून पाहिलंस. सायकलच्या ट्यूबच्या काळ्या हारापुढे तर हलेचनास.

म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, हा हार तू घालशील का?"

तू काय म्हणालीस? "पाच वाजता निघतो बाप्पा. त्याच्यानंतरच्या गाडीत लई गर्दी राह्यते."

लोक हसले. एक बाई म्हणाल्या, बघा, घरचं प्रमाणपत्र मिळालं. मीही हसले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

आवडलं नसेल तर तसं सांग. पण असं टोलवू नकोस. माझ्या मनाला ते फार लागलंय.

तुझी
सोनिका


धामणखेडा, ता. उमरेड
१७ फेब्रुवारी

प्रिय सोनिकास,
आत्याचा सप्रेम जयभीम.

अवं पोट्टी, मी तुले काहून टोलवीन? तुह्या हाराची गोठ मी इथे येऊन घरोघरी सांगतली. माह्या घरच्या धन्याले, तुह्या मामाजींले, तर इतक्या वेळा सांगतली का ते आता मले पाह्यलं का बाहेर निघून जाते.

तो काळा हार पाहून मले पह्यले वाटलं, समुद्रातलं काही असन. मंग जवळून पाह्यलं तर ट्यूब! पंक्चर काढलेलं ठिगळही तू तसंच ठेवलं, अन् तेच नेमकं गळ्याच्या खड्ड्यावर येते. मी म्हटलं, या पोट्टीचे डोळे काय डोळे आहेत! आपण ज्याले फेकतो त्याच्यात हिले फूल दिसते. तुह्या बाबाले हे आज समजत नसन तर उद्या समजन. मले त्याच दिवशी समजलं.

त्या हॉलमध्ये गर्दी किती होती. कोण काय बोलते, कोणाले कळते? वाकडं घेऊ नको.

इथलं म्हणशीन तर उपसरपंच कवडूचं चालूच आहे. साऱ्या गावाले सांगत फिरते का सरपंचबाई कोणाचं ऐकत नाही, मनाचंच करते. लोकांलेही ते पटून राह्यलं. मी इतकी मरमर करतो अन् नाव हे.

फोन नको करत जाऊ. इथे रेंज येत नाही. पत्र लिही, मले पत्रच बरं वाटते.

तुही
आत्या


नंदनवन
२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी हवेत होते. ठिगळ गळ्याच्या खड्ड्यावर येतं, हे प्रदर्शनात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पेपरवाल्याच्याही नाही. म्हणून तर रविवारी न कळवता गाडी पकडून आले.

आता त्या रविवारबद्दल लिहिते. तू अंगणात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होतीस. मी फाटकातून हाक मारली. मग अंगणात येऊन मारली. मग अगदी तुझ्या पाठीशी उभी राहून, "आत्या!" तू तांदळातला खडा काढून बाजूला टाकलास आणि माझी सावली सुपावर पडली तेव्हा दचकलीस.

आणि रेंज तर तुझ्या अंगणात माझ्या फोनला भरपूर होती.

जेवताना मी पाहत होते. मामाजी जे काही बोलत ते तुझ्या उजव्या कानाशी वाकून बोलत. मी बोलले की तू माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचीस. परत निघताना स्टँडवर मामाजींना विचारलं, तर आधी म्हणाले, मला काही माहीत नाही. मग गाडी आल्यावर खिडकीपाशी येऊन म्हणाले, "दोन वर्षं झाले. तिले सांगू नको का मी सांगतलं."

मी सांगितलंच. मामाजींवर रागावू नकोस.

तू प्रदर्शनात मला टोलवलं नव्हतंस. तुला माझा प्रश्न ऐकूच आला नव्हता. आणि मी आठवडाभर तुला मनातल्या मनात काय काय बोलले!

आत्या, माझ्यापासून काय लपवायचं होतं?

सोनिका


धामणखेडा
६ मार्च

सोनिका,

तुह्या मामाजींसंगं दोन दिवस बोलली नाही. आता तुलेही बोलणार होती, पण लिहायले बसली अन् राग उतरला.

हाव, मले ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्यानं थोडंसं येते. रामदासपेठेतल्याच डॉक्टरनं तपासणी करून कानाचं मशीन देल्लं, कानामांगं बसते तसलं. ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आहे. घरी एकदोनदा लावलं. मस्त ऐकू येते त्याच्यानं. पाखरं, भांडे, तुह्या मामाजींचं घोरणं, सारं.

मंग लावत काहून नाही म्हणशीन. तू सांग, माणसानं चष्मा लावला तर लोकं म्हणतेत हुशार दिसते. अन् कानात मशीन लावलं तर? बह्यरी. बावळट. तालुक्याच्या मिटिंगमध्ये एका गावचे म्हातारे सरपंच मशीन लावून आले होते, तर मांगच्या रांगेतले पोट्टे मुद्दाम नुसते ओठ हलवून त्यांच्यासंगं बोलून राह्यले होते, आवाजच न काढता. ते बिचारे मशीनचं बटण फिरवत बसले. मी हे माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्या दिवशी घरी येऊन मशीन कपाटात टाकलं.

बाईमाणूस सरपंच झाली हेच कवडूले पचत नाही. बह्यरी सरपंच म्हटल्यावर त्याले मिठाई वाटायलेच कारण भेटन. त्यापेक्षा "ऐकत नाही" म्हणते ते बरं आहे. त्याच्यात थोडा दरारा तरी राह्यते.

कोणाले सांगू नको. तुले शपथ आहे.

आत्या


नंदनवन
१४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी वर्कशॉपच्या भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा आणि मशीन. खरंच, असं का? चष्म्याच्या दुकानात शंभर फ्रेमी मांडलेल्या असतात, आपण आरशात बघून निवडतो. आणि मशीन मात्र कातडीच्या रंगाचं, कोणाला दिसू नये असं. बनवणाऱ्यानेच ती लाजेची वस्तू करून ठेवली आहे.

तर मी काय केलं ते सांगते. जरीपटक्यात मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत. जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार तिथे किलोवर मिळते. जळाल्यामुळे तिच्यावर कुठे जांभळट, कुठे मधासारखी झाक येते. सोन्याला असा रंग येत नाही. त्या तारेची पानं वळली. त्यांच्यामध्ये निळं काहीतरी हवं होतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा ब्लीचच्या पाण्यात भिजवल्या की वरचं काळं सुटतं आणि खाली स्वच्छ निळी फिल्म उरते. तिच्या पिसासारख्या पट्ट्या कापल्या. कानामागच्या मशीनला कवटाळून पुढे कानाच्या पाळीवर उतरणारं कर्णफूल झालंय. मशीन त्यात लपत नाही, मुद्दामच लपू दिलं नाही. फुलाचा देठ असतो ना, तसं ते दिसतं.

उद्या मामाजी नागपूरला येतायत, त्यांच्याजवळ देते. घरात घालून बघ.

तुझी सोनिका

ता. क. एक्स-रे कोणाच्या हाडांचे, असं विचारशीलच. एक गुडघ्याचा आहे. दुसरा कोणाचा माहीत नाही.


धामणखेडा
२८ मार्च

सोनिका,

आता काही पाठवू नको.

तुह्यं कर्णफूल घरात घातलं तेव्हा आरशापुढून हलूच वाटेना. खरं सांगतो, इतकं सुंदर मी कधी घातलं नव्हतं. त्याच भरात मासिक सभेले घालून गेली. डोक्यावरून पदर घेतला होता, म्हटलं हळूहळू दाखवू.

सभेत पंखा चालू होता. वाऱ्यानं पानं हलली का मशीनमध्ये कडकड, खडखड, टिनावर माकडं नाचल्यावानी. कोणी काय बोलते काही समजेना. मले घाबरायले झालं. मी सर्वांपुढे ते ओढून काढलं अन् मशीन टेबलावर जाऊन पडलं. कवडूच्या पुढ्यातच.

त्यानं ते दोन बोटांनी उचललं. म्हणाला, "अच्छा! म्हणजे ही गोष्ट आहे." बस, इतकंच. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाले माहीत झालं.

काल कवडू अन् त्याच्या बाजूच्या सदस्यांनी तहसीलमध्ये अविश्वास ठराव देल्ला. सतरा एप्रिलले सभा आहे. बाई सरपंचाले उतरवायले चारातले तीन हिस्से मतं लागतेत. सदस्यांतले बहुतेक त्याच्या बाजूनं आहेत, एक बळीराम तेवढा काठावर आहे, अन् त्याले तेवढंच एक मत कमी आहे.

तुह्यावर राग नाही. पण माह्या नशिबात ते नाही असं समज.

आत्या


नंदनवन
८ एप्रिल

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

चूक माझीच आहे. कर्णफूल कसं दिसेल एवढंच मी बघत बसले. ते घालणाऱ्या बाईला काय ऐकू येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी रामदासपेठेत तुझ्या डॉक्टरांकडे गेले. शपथ आता संपली आहे असं धरते. त्यांनी मला पेशंटना दाखवायला ठेवलेलं एक जुनं मशीन आवाज कमी करून दिलं. ते कानात घालून मी आठवडाभर भाजीबाजारात फिरले, वर्कशॉपमध्ये काम केलं. आत्या, नुसती ओढणी घासली तरी पत्रा ओढल्यासारखा आवाज येतो! केस पुढून मागे घेतले तरी दचकायला होतं. तू त्या सभेत तेवढा वेळ तरी कशी बसलीस?

तांबं तांब्याला लागलं की वाजतं. म्हणून आधी प्रत्येक पान ट्यूबच्या रबरात बसवून बघितलं. तरी पट्ट्या सळसळायच्या. मग पट्ट्याच काढून रबराच्या दोन थरांमध्ये दाबून टाकल्या, खिडकीत काच बसवतात तशा. मशीनचं जे बारीक भोक आवाज घेतं, त्याच्या आसपास काहीच ठेवलं नाही. असे सहा-सात प्रयत्न फसले. शेवटचं घालून मी पंख्याखाली बसले, मान हलवली, उड्या मारल्या. शांत. खाली चहावाला कोणाला तरी म्हणत होता, "साखर कमी टाकू काय?" तेवढं ऐकू आलं.

आधीच्या कर्णफुलापेक्षा हे साधं आहे, पण मला ते जास्त आवडलंय. निळा रंग आता सरळ दिसत नाही, मान वळवलीस की चमकून जातो.

सोबत पाठवतेय. घालायचंच असा माझा आग्रह नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलंस तरी मी काही म्हणणार नाही. कान तुझा, गाव तुझं.

तुझी
सोनिका


धामणखेडा
१९ एप्रिल

माह्या लाडक्या सोनिकास,
आत्याचा सप्रेम जयभीम अन् खूप खूप आशीर्वाद.

सारं सांगतो, बसून वाच.

पार्सल आलं तेव्हा मी ते उघडलंच नाही. तुह्या मामाजींनी उघडलं. हातात घेऊन बराच वेळ पाहात बसले, मंग माह्या कानाशी येऊन म्हणाले, "देवकी, त्या पोरीनं आठ दिवस स्वतःच्या कानात मशीन घालून काढले. अन् तू तिचं काम एकदा घालूनही पाह्यणार नाही?" ते मले लागलं.

सतरा तारखेले घातलं. केस मांगं ओढून घट्ट अंबाडा बांधला, पदर खांद्यावर ठेवला. डोक्यावर घेतला नाही.

तहसीलदार साहेब आले. सदस्य बसले, मांगं सारं गाव उभं. कवडूनं ठराव वाचला. "सरपंच गावकऱ्यांचं अन् सदस्यांचं म्हणणं ऐकत नाहीत." एकेक शब्द मले साफ ऐकू आला. वरून पंखा चालू होता, तरी. मले तर हसूच आलं, काहून का दोन वर्षांत पह्यल्यांदा कवडूचं काही नीट ऐकलं अन् ते नेमकं हे.

साहेब म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय?"

मी उभी राह्यली. मान वळवून साऱ्यांले कान दाखवला. म्हटलं, "कवडूभाऊ खरं बोलून राह्यले. मी ऐकत नव्हती, काहून का मले ऐकू येत नव्हतं. लाज वाटे म्हणून लपवलं. आता हे घातलं आहे. ज्याले जे बोलायचं आहे ते बोला. एकेकानं बोला, अन् माह्या तोंडासमोर येऊन बोला."

  मंग गावातली म्हातारी जिजाबाई गर्दीतून काठी टेकत पुढे आली. मले वाटलं, नळाची तक्रार काढन, का घरकुलाची. तर ती अगदी जवळ आली, बोट लावून पाह्यलं अन् म्हणाली, "बाई, हे कशाचं वं? खापरासारखं लाल दिसते अन् मधात निळं."

मी म्हटलं, "पंख्याची तार अन् एक्स-रे."

"पंख्याची तार!" तिनं मांगं वळून साऱ्या बायांले वरडून सांगतलं. "अवं, पंख्याची तार म्हणते!"

मंग काय! बाया पुढेच आल्या. कोणी म्हणे मान इकडे वळवा, कोणी म्हणे तिकडे वळवा. साहेब टेबल ठोकून राह्यले, कवडू म्हणून राह्यला, "ही सभा आहे का दागिन्याचं दुकान?" अन् मी मधात उभी, माह्या कानाची इतकी वाहवा आजवर कोणी केली नव्हती. लग्नात सोन्याच्या झुमक्यांचीही नाही.

साहेबांनी साऱ्यांले मांगं सारलं अन् मतदान घेतलं. हात वर करायचे होते. कवडूनं केला, त्याच्या बाजूच्यांनी केले. बळीरामनं केला नाही. तो खाली मान घालून बसला होता. साहेबांनी दोनदा विचारलं. तेव्हा म्हणाला, "माह्या घरी कांता आहे, साहेब. तीन साल झाले तिले ऐकू येत नाही. मशीन आहे, पण लावत नाही. कोणाच्या लग्नाले येत नाही, विहिरीवर जात नाही. मी तिले आता घरी जाऊन काय सांगू? का एका बाईनं मशीन लावलं तर आम्ही तिले खुर्चीवरून उतरवलं?"

एक हात कमी पडला. ठराव पडला.

संध्याकाळी बळीराम त्याच्या बायकोले घेऊन आला. कांताबाई दाराजवळच बसली, पदराचा काठ दातात धरून. माह्या कानाकडे एकदा पाहे अन् जमिनीकडे एकदा पाहे. मी ते काढून तिच्या हातात देल्लं. तिनं किती वेळ परत देल्लंच नाही.

तिच्यासाठी एक बनवशीन का? अन् एक गोष्ट ऐक. रात्री जेवून उठल्यावर तुह्या मामाजींले मी अंगणात गुणगुणताना ऐकलं. आमच्या लग्नाच्या वेळी ते फार चांगलं गात. मले वाटे, त्यांनी गाणं सोडलं.

तुही
आत्या


नंदनवन
११ मे

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि बाहेर गेले. आज सकाळी वर्कशॉपच्या दारात एक जळालेला टेबल फॅन ठेवलेला होता. कोणी ठेवला ते विचारलं नाही.

बळीरामभाऊ काल कांताबाईंना घेऊन आले होते. ते खाली चहा प्यायला गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. मशीन त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. मी कानात बसवून दिलं आणि कानाचं माप घेतलं. त्यांच्यासाठी मी मनात सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. अगदी बारीक, नाजूक, तपकिरी. लाजणारी बाई आहे, तिला उगाच नजरेत भरणारं नको, असा माझा हिशोब.

नमुना दाखवला. त्यांनी तो पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. मग उठून माझ्या सामानाच्या डब्यांमध्ये एकेक करून हात घालायला लागल्या. बटणं, तारा, झाकणं, घड्याळांच्या काचा. मी अडवलं नाही. एका डब्यात फुटलेल्या मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांचे तुकडे होते, गॅरेजवाल्याने दिलेले. त्यांनी त्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात लाल तुकडा काढला आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात धरला. त्यांच्या गालावर लाल उजेड पडला.

"हे लाव," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, हे फार लांबून दिसेल."

"दिसलंच पाह्यजे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. चांगला खणखणीत आहे. "लोकं मांगून आवाज देतेत. मी वळत नाही, तर म्हणतेत, काय गुर्मी आहे बाईले. मांगून येणाऱ्याले दुरूनच समजलं पाह्यजे का हिच्या समोर जाऊन बोलायचं आहे."

लाल तुकडा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. कडा घासून गोल करतेय.

तुझी
सोनिका